साडूच्या कौलांवरचं एरियल

आमच्या नागावच्या घरी पाहुणे उतरतात. सगळ्यांना गाणी ऐकू यावीत म्हणून मी एफएमच्या सेटचा एक स्पीकर पुढच्या ओटीवर टांगला, दुसरा मागच्या पडवीत. सेट स्टिरिओ आहे, डाव्या स्पीकरचा आवाज वेगळा आणि उजव्याचा वेगळा, हे डोक्यातच आलं नाही. झालं असं की काही गाण्यांत ओटीवर नुसती गायिका आणि पडवीत नुसता तबला.

तेवढ्यात साडू आले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वाडी आमच्या कुंपणाला लागून. त्यांनी पुढून मागे दोन फेऱ्या मारल्या आणि पाहुण्यांदेखत विचारलं, "काय वो, दोघांचं भांडण हाय का? येक जण पुढल्या दारी, येक मागल्या दारी!"

त्या दिवसापासून मी गावचा 'डावे-उजवे' झालो. कोळीणसुद्धा दारात पाटी उतरवून हाक मारी, "डावे-उजवे, बोंबील घ्या!" हे नाव साडूंच्या अंगावर उलटवल्याशिवाय मरायचं नाही, असं मी ठरवलं.

सूड घ्यायचा तर अभ्यास हवा. अलिबागेत विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत साडूंना कळलं असतं, म्हणून थेट माणगाव गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने समजावलं: स्टेशन डाव्या-उजव्याची बेरीज पाठवतं, आणि दोघांतला फरक त्याच लहरीवर, पण वरच्या पट्टीत बसवून. सेट बेरजेत फरक मिळवतो, ते डावं. वजा करतो, ते उजवं. लांबून येताना खरखर शिरते ती जास्त करून त्या फरकात. मोनोचं बटण दाबलं की सेट फरक सोडून देतो, दोन्ही स्पीकरवर बेरीजच वाजते, आणि खरखर जाते.

मी घरी आलो आणि वर्षभर वाट पाहिली.

यंदा साडूंनी त्यांच्या पाहुण्यांसाठी दांडगा स्टिरिओ आणला. मुंबईचं स्टेशन लावलं तर भजी तळल्यासारखा आवाज. शेवटी अभिमान गिळून ते माझ्याकडे आले.

"एरियल उंच पाहिजे," मी गंभीरपणे सांगितलं.

साडू बांबू घेऊन कौलांवर चढले. मी खाली अंगणात.

"आता?" ते वरून ओरडले.

"डावीकडे!"

"आता?"

"उजवीकडे! नाही नाही, डावीकडेच!"

अर्धी आळी कुंपणाशी जमली. साडूंनी दोन कौलं फोडली, गुडघा खरचटून घेतला. कोळीण म्हणाली, "खरं डावे-उजवे हेच की वो!" वर्षभर ज्या वाक्यासाठी जगलो ते कानांनी ऐकलं. मग मी सावकाश आत गेलो आणि त्यांच्या सेटचं मोनोचं बटण दाबलं. खरखर बंद. साडू कौलांवर बांबू धरून तसेच.

घरी येऊन बायकोला सगळी विद्या बेरीज-फरकासकट ऐकवली. ती नारळ खवत होती. खवणं न थांबवता तिने विचारलं, "म्हणजे बटण दाबलं की दोन्हीकडे पूर्ण गाणं?"

"पूर्ण!"

"आपल्या सेटला आहे ते?"

"आहे की."

ती म्हणाली, "मग वर्षभर आपल्या पडवीतले पाहुणे नुसता तबला का ऐकतायत?"