बटरची डबी

लग्न होऊन मी दुबईतल्या करामा भागात आले, तेव्हा नवऱ्याच्या फ्रीजमध्ये एक स्टीलची डबी होती. आत जाळी, वर घट्ट झाकण. भारतातल्या बटरची बुटकी, जाड वडी तिच्यात बरोब्बर बसते. आमच्या दुकानात मिळायचं ते बटर मात्र रुंद आणि चपटं. मग नवरा दर शनिवारी ते कापायचा, थरावर थर ठेवायचा आणि अंगठ्याने दाबून दाबून डबीत कोंबायचा. वर बोटांचे ठसे, कडेला ब्रेडचा करपलेला चुरा, एकदा तर हातावरचा केस. शिवाय त्या बटरला लिंबासारखा मंद वास यायचा. त्याचं खापर मी इथल्या गाईंवर फोडलं होतं.

"फेकून दे ती डबी," मी म्हणायचे.

"आईने दिलीय," तो म्हणायचा.

मी ब्रेड कोरडाच गिळू लागले. पण ज्याच्या बोटांची एवढी किळस येते, त्याच्याबरोबर जन्म कसा काढायचा, या विचाराने मी खरंच धास्तावले होते.

मग सासूबाई व्हिजिटवर आल्या. आता डबीची आरतीच होणार, असं धरून मी नाश्त्याला ती त्यांच्यासमोर आदळली. त्यांनी झाकण काढलं, सुरीने जाळीचा कोपरा उचलून पाहिला.

"अरे, ही तुझी साबणाची डबी ना? दुबईला निघालास तेव्हा कपड्यांचा साबण घालून दिली होती मी."

लग्नाआधी तो इंटरनॅशनल सिटीत ज्या खोलीत राहायचा, तिथलं त्याने सांगितलेलं बाथरूम मला आठवलं. सहा जणांत एक.

"घासून घेतली होती," नवरा टोस्ट चावत म्हणाला. "साइझ परफेक्ट बसला ना, आई."

"शी! मला नुसता चहा दे गं." सासूबाईंनी प्लेट सरकवली, उठल्या आणि डबी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा आपल्या वाटल्या.

संध्याकाळी नवरा ड्रॅगन मार्टमधून काचेचं बटरचं भांडं घेऊन आला. देखणं होतं, पण लांबुडकं आणि अरुंद. अमेरिकेतलं बटर कांडीसारखं असतं, त्याच्या मापाचं. आमची चपटी वडी त्यात उभी बसेना, आडवी बसेना. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

नवऱ्याने बाही वर सारली.

"यल्ला, चला, थोडं दाबलं की बसेल," तो म्हणाला आणि त्याने अंगठा टेकवला.