बारशाला अडकलेला बाप

ये गं, जवळ बस, आणि नेट अडकलं म्हणून फोन असा आपटू नकोस, त्याचा काय गुन्हा? शेजारून घुगऱ्यांचा वास आला आणि मला पुतण्याच्या लेकीचं बारसं आठवलं. पुतण्या फौजेत, लांब सीमेवर. बारसं इथं मेढ्यात. आणि गावाला इंटरनेट द्यायचा धंदा माझा, बघून बघून शिकलेला. पाळणा सजला, त्याची बहीण बाळाच्या कानाशी वाकली, तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर पुतण्या तोंड उघडं ठेवूनच थिजला. जाऊबाई म्हणाल्या, "मुहूर्त टळतोय, घ्या उरकून." मी म्हटलं, "बापानं ऐकल्याबिगर न्हाई!" लॅपटॉपवर स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटून देणारा डबा, तपासला, तर बारसं टिपायला आम्हीच हौसेनं लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणानं त्या डब्याची सगळी मेमरी, म्हणजे डेटानं रांगेत थांबायची जागा, अडवलेली. ती जागा सगळ्यांच्या सामाईक वापराची, पण एकाच घरानं अख्खी पंगत धरावी तसं झालेलं, आणि कॉलचा डेटा दारातूनच माघारी. मग मी कॅमेऱ्यांच्या रांगेला मर्यादा घातली, कॉलच्या रांगेला थोडी जागा राखून ठेवली, आणि पुतण्या हलला! बहिणीनं "कुर्रर्र" करून नाव पुकारलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, तसा पलीकडून तो ओरडला, "आवं, हळू! भन हाय माझी!" मग लेकीचं नाव त्यानं इतक्या मोठ्यानं घेतलं की बाळ दचकून रडलं आणि मी कुस्ती मारल्यासारखे दंड थोपटले. आजही तो स्विच मीच सांभाळते, पण कॉलवरून कुणाला पोटाशी धरता येत न्हाई बघ, तेव्हा पुन्हा लवकर ये.