हिरव्या दगडावरचा नारळ

मानवतला आमचं लेथचं वर्कशॉप आहे. लेथ नवरा चालवतो, बाकीचं सगळं मी. आणि हे बाकीचं म्हणजे किती, ते त्याला अजून कळलेलं नाही.

लेथच्या हत्याराच्या टोकाला कार्बाईडची टिप असते. ती पोलादालाही जुमानत नाही. बोथटली की ग्राइंडरच्या गरगर फिरणाऱ्या हिरव्या दगडावर तिला धार लावायची. मला वाटायचं, एवढ्या कठीण धातूला दगडही तसाच खंबीर लागत असेल. नवरा म्हणाला, "उलटं हाय. बोथटलेले कण झडले पायजेत, तवा खालचे धारदार वर येतेत. न झडणारा दगड नुसता घासतो, अन् टिप तापून तडकती." म्हणून हा दगड खडूसारखा झिजतो आणि जपावाही लागतो. त्याच्यावर काही आपटायचं नाही, चीर गेली तर फिरताना फुटून तुकडे तोंडावर येतात, हे त्यानं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मी केली. लेथला हळदकुंकू, ग्राइंडरला झेंडूची माळ. नारळ फोडायला दाराबाहेरच्या दगडापर्यंत जायचा कंटाळा आला. समोर ग्राइंडरचा दगड होताच. देवाचंच काम, म्हणत दोन टोले हाणले. दुसऱ्याला नारळ फुटला, पण आवाज जरा बद्द आला. मी दगड पुसला, प्रसाद वाटला आणि गप्प बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जिनिंगचा माणूस वेल्डिंग केलेला शाफ्ट घेऊन हजर. कापूस यायला लागलेला, त्याला दम नव्हता. वेल्डिंगवर टिप लगेच बोथटली आणि नवरा ग्राइंडरकडे वळला. नवा दगड तो लाकडी दांड्यानं वाजवून बघतो, खणखणीत वाजला तरच बसवतो. रोजचा दगड कोण वाजवतं? पुढचं पत्र्याचं झाकणही अडचण होते म्हणून त्यानंच कधीचं काढून ठेवलेलं.

त्यानं बटन दाबलं. मला तो बद्द आवाज आठवला. नारळाचं सांगावं तर बोलणी, तीही परक्या माणसासमोर. दगड फुटायचा असता तर तेव्हाच फुटला असता, असं मी मनाला समजावत राहिले. त्यानं टिप टेकवली.

"आज लय थरथरायलाय," तो म्हणाला, आणि बघायला आणखी पुढं वाकला. कपाळ दगडापासून वीतभर.

"आवं, बंद करा! बाजूला व्हा आधी!"

मी अशी ओरडले की जिनिंगवाला स्टुलावरून उठला. नवऱ्यानं बटन बंद केलं. दगड थांबेपर्यंत आम्ही तिघं भिंतीला चिकटून उभे होतो. मग त्यानं तो काढला, बोटावर लटकवला आणि दांड्यानं वाजवला. फुटक्या मडक्यासारखा वाजला. मधल्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी चीर होती.

"परवा त्याच्यावर नारळ फोडला व्हता," मी म्हणाले.

आता तोफ सुटणार म्हणून जिनिंगवाल्यानंही मान खाली घातली. नवऱ्यानं चिरेवरून नख फिरवलं.

"मी बटन दाबलं तवा तू कुठं व्हतीस?"

"इथंच."

त्यानं चिरलेला दगड बाजूला टाकला. दुसरा दगड वाजवून बसवला, झाकण शोधून लावलं आणि दुपारी शाफ्ट देऊन टाकला. मी दिवसभर वाट पाहिली. ज्या बोलण्यांच्या भीतीनं मी त्याला त्या दगडापुढं उभं राहू दिलं, ती त्यानं मला आजपर्यंत ऐकवलेली नाहीत.