ओळंब्यात बसवलेली चाकं

माझ्या पोरानं चांगली उंच गाडी घेतली आणि ती जमिनीत गाडली.

तो म्हणतो, ‘लोअर’ केली. म्हणजे स्प्रिंगा बदलून चार बोटं खाली बसवली. पेणात गतिरोधक काय कमी हायत? प्रत्येकावर गाडीचं पोट असं घासायचं, की समोरची म्हातारी ‘कोण टोप खरवडतंय रं?’ म्हणून बाहेर यायची! त्यात पुढची दोन्ही चाकं वरून आत कलली. चिखलात म्हैस पाय फाकवून उभी राहते, तशी गाडी दारात उभी. नव्या टायरांना आतल्या कडेनं टक्कल पडलं.

प्रवीण म्हणाला, “बाबा, रोह्याला ताईच्या सासऱ्यांकडं नेतो. चाकांचा कोन मोजायचं मशीन हाय त्यांच्या गॅरेजात.”

माझं डोकंच फिरलं! ताईचे सासरे म्हणजे हिराजीशेट, माझे व्याही. लग्नाच्या बोलणीत हा माणूस चहा पिता पिता म्हणाला होता, “गवंडीकामाला काय, ताकद लागते. डोकं आमच्या धंद्यात लागतं.” मुलीचा बाप म्हणून मी गप्प बसलो. सहा वर्षं झाली, ते वाक्य माझ्या घशात बोंबलाच्या काट्यासारखं अडकलंय. (बोंबलाचा काटा मऊ असतो म्हणतात. माझा नाय!)

“त्या माणसाच्या मशीनवर माझ्या घरची गाडी चढणार नाय!”

“मग टायर जातील.”

“चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या मी. एक भिंत सूतभर कललेली दाखव! चाक म्हणजे काय? गोल भिंत!”

(हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.)

प्रवीण हसला. मी गाडीची चावी चंचीत घातली, चंची कमरेला खोचली. झालं!

रविवारी रोह्याला माझ्या नातवाचं जावळ होतं. बाळाला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे, म्हणजे प्रवीण अकराच्या आत तिथं पाहिजेच. मी ठरवलं, याच गाडीनं जायचं. व्याह्याच्या दारात सरळ चाकं उभी करायची आणि एक शब्द बोलायचा नाय. त्यानंच बघावं आणि जळावं!

शनिवारी सकाळी अंगणात काम काढलं. चाकाच्या वरच्या कडेला ओळंब्याची दोरी धरली, खाली लोखंडी गोळा सोडला. प्रवीणला बोल्ट ढिले करायला लावले, भोकं कानशीनं लांबवली आणि पहारीनं चाक रेटलं.

“बाबा, नुसतं उभं करून भागत नाय. पुढून बी मापं असतात.”

“रेट!”

“अवो, पोर कंपनीत रोज मशिनीच बघतंय, त्याचं ऐका जरा,” ओट्यावरून बायको बोलली.

“तू गप गो! भात करपतोय बघ!”

भात चुलीवरच नव्हता. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही चाकं अशी ओळंब्यात आली, की दोरी आणि चाक यांच्यात केस जाणार नाय.

रविवारी निघालो. गाव सुटलं आणि गाडी डावीकडं चालली. प्रवीण उजवीकडं ओढतोय, गाडी डावीकडं पळतेय!

“सरळ चालव की रं!”

“मी सरळच चालवतोय, गाडी चालत नाय!”

“हात कच्चा हाय तुझा!”

“मग तुम्ही या इकडं!”

टायर असे किंचाळत होते, की पुढची रिक्षा आपणहून बाजूला झाली. वडखळला रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. गाडी लग्नातल्या नवरदेवासारखी थेट त्यांच्यात घुसली! डाव्या आरशात दोन माळा आल्या, बांबू आडवा झाला.

“आरं ए! हार घालून घ्यायला आलास काय?” कांदेवाली ओरडली. “आणि म्हातारा बघ कसा ताठ बसलाय!”

मी ताठच बसलो होतो. माझी मापं बरोबर होती!

रोह्याला बारा वाजून गेले. न्हाव्यानं दोनदा वस्तरा धुऊन ठेवला होता, बाळ रडून झोपलं होतं, आणि बाळाची आई मंदा माझ्याकडं अशी बघत होती, की माझी पोरगी नव्हेच. झोपलेल्या बाळाला मामाच्या मांडीवर घेऊन जावळ उरकलं. मग हिराजीशेट गाडी शेजारच्या गॅरेजात घेऊन गेले. मी मागोमाग गेलो. (माझ्या गाडीला परका हात लागतोय, म्हणून!)

मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे लाल. शेटनी वाकून एकेक आकडा वाचला.

“व्याही, नवल हाय. दोन्ही चाकं एकाच बाजूला, एकाच मापानं कललीत. मापं कुठं घेतली?”

“माझ्या अंगणात.”

“अंगण कुणी केलंय?”

“मी!” माझी छाती फुगली.

“पाऊस पडला की पाणी कुठं जातं?”

“धडाधड गटारात! एक थेंब उभा राहत नाय. असा उतार दिलाय, की...”

प्रवीण छताकडं बघायला लागला.

ओळंबा खरा होता, चाकं खरी होती. गाडीच माझ्या हातच्या उतारावर तिरकी उभी होती! सपाट रस्त्यावर आल्यावर ती चाकं दुसरं काय करणार?

आता हा माणूस हसणार, याची मी वाट बघितली. हसला असता तर मी तिथंच भांडलो असतो आणि पायी पेणला गेलो असतो. पण शेट हसलेच नाय! याचा राग मला अजून येतो. ते गाडीखाली शिरले, बोल्ट चाचपले आणि बाहेर नुसता हात काढून म्हणाले, “व्याही, सतराचा पाना द्या.”

चाळीस वर्षं माझ्या हाताखाली बिगारी राबले. मी कुणाला थापी उचलून दिली नाय. तो मी उठलो, वाकलो आणि पाना व्याह्याच्या हातात दिला.

चौदाचा. (मुद्दाम!)