सामाईक टाकी

ऑर्वोक्की फिनलंडमधल्या कोत्का या बंदराच्या गावी इस्पितळात आयुष्यभर चादरी धूत आली आणि निवृत्त झाल्यावर फिल्मा धुवायला लागली. दुकानात एक रंगीत फिल्म धुवायला द्यायची तर खिशाला चाट, शिवाय ती येणार तीन आठवड्यांनी. म्हणून इमारतीतल्या लोकांच्या चार फिल्मा जमल्या, की सौनाच्या, म्हणजे तळघरातल्या सामाईक वाफेच्या न्हाणीघराच्या, आपल्या पाळीला ती खाली उतरायची. फिल्म धुवायचं औषध कोमट ठेवायला ऊन पाणी लागतं, ते तिथे फुकट. चारही फिल्मा एकाच बंद टाकीत, एकाच औषधात, आणि खर्च चौघांत. बाई हिशेबी, आणि त्याचा तिला तोराही होता.

त्या शुक्रवारी संध्याकाळी टाकीत तिसऱ्या मजल्यावरच्या सायमीची फिल्म होती. सायमीची बहीण चाळीसेक वर्षांनी कॅनडाहून आली, चार दिवस राहिली आणि गेली. सायमीकडचा फोन जुनाट, त्यात कॅमेराच नाही. जे काय होतं ते या एका फिल्मवर. "दुकानात कशाला देतेस? मी आहे ना," असं ऑर्वोक्कीच तिला म्हणाली होती.

पहिलं औषध तिने टाकीतून बाटलीत ओतलं. ते फिकट लालसर यायला हवं होतं. आलं ते काळंकुट्ट.

विचार करायला वेळ नव्हता, दुसरं औषध लगोलग घालावंच लागतं. तिने ते घातलं. टाकी सतत हलवत राहायची असते. ती हलवत हलवतच ऑर्वोक्की शेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत गेली.

तिथे वेइक्को, एके काळचा बंदरातला क्रेनवाला, पुढची पाळी त्याची म्हणून टॉवेल गुंडाळून सॉसेज खात बसला होता. सिनेमावाल्यांची उरलेली फिल्म तो स्वस्तात आणायचा आणि साध्या फिल्मच्या जुन्या डब्यांत भरायचा. तिच्या पाठीला काजळीचा थर असतो. तो आधी सोड्याच्या पाण्याने काढला नाही, तर सुटून टाकीभर पसरतो.

"सिनेमाची फिल्म कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही. माझी मलाच पुरत नाही."

"वेइक्को, औषध काळं आलंय."

त्याचा घास तोंडातच राहिला. "सायमीला दिली होती एक. फुकट."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, मी तिच्या मागे लागलोय."

"लागलायसच की."

"म्हणून तर नाही सांगितलं."

तेवढ्यात कॉफीचा थर्मास घेऊन सायमीच आली. "झाली का गं?"

खोटं बोलावं, असं ऑर्वोक्कीच्या मनात येऊन गेलं. पण टाकी तर उघडावीच लागणार होती. तिने सगळं सांगितलं. सायमी तिथेच बाकावर टेकली.

बाकीच्या तिन्ही फिल्मांवर काजळी थोडी उडाली होती, ती धुऊन गेली. सायमीची फिल्म पाण्यातून निघाली ती चुलीतून काढल्यासारखी. ऑर्वोक्की सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने तिची पाठ पुसू लागली. जरा जोर जास्त झाला तर सगळंच जाईल, या धास्तीने तिला घाम फुटला. बहीण दिसू लागली: स्वयंपाकघरात, धक्क्यावर, तोंडभर काळे ठिपके घेऊन. शेवटचा फोटो दोघींचा होता, स्टेशनवर कुणा परक्याने काढलेला. तिथली काजळी निघेना. आकृत्या होत्या, चेहरे नव्हते.

"दोघींचा तेवढा एकच होता," सायमी म्हणाली.

वेइक्को आपल्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

सायमीने खिशातून फोन काढला. "तिला सांगते, फोटो वाया गेला, परत यावं लागेल. स्टेशनवर हे म्हणायचंच होतं मला. नाही म्हणाली तर, या भीतीने जीभच उचलली नाही."

तिने नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. कॅनडात त्या वेळी सकाळ होती, म्हणजे बहीण घरी असणार. घंटी वाजत राहिली, आणि ऑर्वोक्कीने सायमीचा मोकळा हात घट्ट धरला.