सुदाम मास्तरांचं पंचाऐंशीवं पान

टोकावड्याचे सुदाम मास्तर रिटायर झाल्यावर दर गुरुवारी एस.टी.नं मुरबाडला जातात, सायबर कॅफेत कोपऱ्यातली केबिन धरतात, पडदा ओढतात आणि नको ती चित्रं बघतात, अशी २००६ साली गावात कुजबुज होती. खोटं कशाला बोलू, चार घरी ती मीच पोचवली. कॅफेवाला शपथेवर सांगायचा, "मास्तर डोळे पुसत बाहेर येतात वो!" त्यावर आम्ही जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मास्तरांना इतिहासाचं वेड. १९९३ साली गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा स्मरणिकेत गावच्या चालीरीतींवर लेख त्यांचाच. आधार एका वाचनालयातलं सव्वाशे वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक. चौऱ्याऐंशीव्या पानाच्या तळाशी होतं, 'या गावीं होळी पाटील पेटवितो.' पुढचं पान फाटून गेलेलं. पान फाटलंय हे मास्तरांना दिसत होतं, तरी त्यांनी लेख तिथंच मिटवला.

तोवर चाल अशी, की डोंगरावरच्या वाडीतून धाकलू खापरात इस्तू, म्हणजे विस्तव, घेऊन यायचा आणि त्या निखाऱ्यावर होळी पेटायची. स्मरणिका निघाली आणि जगदीश पाटलांनी आगपेटी काढली.

"कागदात तुमचा इस्तू नाय रे धाकलू. आमी काय करनार?"

पाटील म्हणजे मास्तरांचे चुलतभाऊ. मास्तर बाजूला नारळ सोलत होते, ते सोलतच राहिले.

धाकलू मात्र दर होळीला खापर घेऊन यायचा, लांब बसायचा, निखारे विझले की डोंगर चढायचा. फाटक्या पानाचं मास्तर त्याच्यापाशी एकदा बोलून गेले होते. तेव्हापासून भेटला की विचारणं एकच, "गावलं काय वो पान? मरायच्या आदी एकदा माझा इस्तू लागू द्या."

गावलं. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयानं जुन्या पुस्तकांचे पानापानाचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवले होते. त्यात तेच पुस्तक, पण धडधाकट. मुरबाडचं नेट ते, २००६च्या पावसाळ्यात पान वरून ओळीओळीनं उतरलं. 'परंतु विस्तव वाडीचे लोक आणितात. त्यावांचून पाटील होळीस हात लावीत नाही.'

२००७ची होळी आली. धाकलूनं विचारलं.

"शोधतोय रे बाबा," मास्तर म्हणाले. पानाची छापील प्रत तेव्हा त्यांच्या खिशात होती.

दिवाळीत धाकलू गेला. पुढच्या होळीला मास्तरांनी सगळ्यांपुढं पान वाचलं. पाटलांनी गुपचूप आगपेटी खिशात घातली. धाकलूची लेक सावळी पुढं आली.

"कवा गावलं ह्ये?"

"दोन पावसाळे झाले."

"बाबा दिवाळीला गेला, मास्तर."

मास्तरांनी पानाची घडी घातली.

"आनते इस्तू," ती म्हणाली. "पर खापराला तुमी हात लावू नका."

पडद्याआड चित्रं नव्हती. सुदाम मास्तर दर गुरुवारी तेच एक पान उघडून बसायचे. भावाचा मान जाईल आणि आपला लेख खोटा ठरेल, या भीतीनं त्यांनी ते वीस महिने दडवून ठेवलं.