आईच्या मोज्यांचा काठ

आईच्या पायांना थंडी फार लागायची, आणि ती माझ्या शिक्षणापायी लागली असं मला बरीच वर्षं वाटत असे.

आमची वाडी आंबी गावाच्या अंगाला. तळेगावच्या हायस्कुलात आणि पुढं पुण्याच्या कॉलेजात जायचं, तर पहाटे निघून शेताच्या बांधाबांधानं डांबरी सडक गाठावी लागे. सडकेपर्यंत आई सोबत यायची. ती पुढं, मी मागं. तिच्या पायांत काही नसे. चपला होत्या, पण त्या बाजाराच्या दिवशी घालायच्या. गवत दहिवरानं भिजलेलं असायचं. ते सगळं दहिवर पुढच्या माणसाच्या पायांवर झडतं आणि मागून येणाऱ्याला वाट जवळजवळ कोरडी मिळते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आईला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, कारण ती मला कधी पुढं होऊ द्यायची नाही.

मी बी. ए. झाले. आमच्या भावकीत तोवर कुणी झालं नव्हतं. साठ सालानंतरची ही गोष्ट. लोणावळ्याला एका शाळेत नोकरी लागली आणि बाजारामागच्या चाळीत मी एक खोली घेतली. शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ मालगाडीवर गार्ड होते, म्हणून सगळी चाळ त्यांच्या बायकोला गार्डीणकाकू म्हणे. काकूंच्या हातात सदा सुया. लोणावळ्याची हवा दमट. दुपारी ऊन पडलं की चाळीतल्या बायका ओट्यावर येऊन बसत आणि गप्पांबरोबर कुणाची तरी बाही नाहीतर कानटोपी वाढत जाई.

त्या ओट्यावर बसूनच मी आईसाठी मोजे विणायला घेतले. लोकर विटकरी आणली. आई गोठ्यात वावरणार, तेव्हा रंग मळखाऊ हवा. बोटांकडचं तोंड उघडं ठेवलं, कारण आई जोडवी कधी काढत नाही आणि जोडवी मोज्यात झाकली तर ती मोजेच घालणार नाही. शिवाय पुढून उघडं असलं की चपलेचा अंगठाही बोटात बसतो. पोटरीपासून बोटांपर्यंत एक नळी, दोन सुलट दोन उलट, आणि बाजूनं शिवण. जोडव्यांचं आधीच माझ्या ध्यानात आलं, याचं मला कौतुक वाटत होतं.

दिवाळीत मी तो जोड आईला दिला. तिनं दोन्ही मोजे गालाला लावून बघितले, "लय ऊब हाय गं," म्हणाली आणि देवळीत ठेवले.

महिन्याभरानं घरी गेले तेव्हा चुलीशेजारी दह्याचं लोटकं ठेवलेलं दिसलं. त्याच्या अंगात विटकरी मोजा होता.

"आई, हे काय?"

"दही लावलंय. थंडीचं इरजत न्हाई. ह्यात घातलं का सकाळच्याला कसं घट लागतं."

"अगं, ते पायात घालायचे असतात."

"पायात बी घालती की."

आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्यात बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "तिच्या पायापरीस दह्याला लय मानवलं ते. एक लोटकं तुला बी दिऊ का न्याया?"

मी हसले, पण मला लागलं. आई लाजत असेल असं मी धरून चालले, कारण त्याच दिवशी पाणवठ्यावर माझी चुलती मला म्हणाली होती, "मास्तरीणबाय, मोजं आनलं, आता बूट बी आना. म्हंजी आमची जाऊ मडमच झाली." मी आईला म्हटलं, लोक काय बोलतात ते सोड, आज रात्री तरी घाल. माझ्या आग्रहाखातर तिनं दुसरा मोजा कुठून तरी काढला, लोटक्याचाही उतरवला आणि दोन्ही घालून निजली.

सकाळी ती चुलीपुढं बसून मोजे काढत होती तेव्हा मी पाहिलं. दिवसभर उभ्यानं काम करून तिचे पाय संध्याकाळी सुजत असत. पोटरीला, जिथं मोज्याचा काठ येत होता, तिथं चारी बाजूंनी लाल वळ उठला होता. दावं काचल्यावर गुराच्या मानेला उठतो तसा.

"हे दुखतंय?"

"जरा काचतंय. दुसरं काय न्हाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू मायेनं केलंस. तुला कशापायी सांगू?" असं म्हणून तिनं मोजा झटकला आणि परत लोटक्याला घातला.

थंडीचे अजून दीड-दोन महिने होते. मला ते मोजे तिच्या पायात बघायचे होते. देवळीत नाही आणि दह्यावरही नाही. ती कधी मागणार नव्हती, तक्रार करणार नव्हती, आणि मी काही केलं नाही तर तोही हिवाळा अनवाणीच काढणार होती. मी एक मोजा, आबांच्या शब्दांत दह्याला उघडं पाडून, पिशवीत घातला आणि लोणावळ्याला घेऊन आले.

काकूंनी मोजा हातात घेऊन आधी मधून ताणला, मग काठाशी ताणला.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "अंग कसं छान ताणतंय आणि काठ जागचा हलत नाही. हा काठ आहे का डब्याचं तोंड?"

"आम्हाला शाळेत असेच टाके घालायला शिकवलेत."

"शाळेत रुमालाला शिकवले असतील. रुमालाला कुठं पोटरी असते?"

शाळेत आम्हाला विणकामाचा तास असे. दोन सुयांवर टाके घालायचे, प्रत्येक नवा टाका डाव्या सुईवर चढवून करकचून ओढायचा. बाई काठाशी नख घालून बघत. टाका हलला की सगळे उतरवून परत घालायला लावत. माझे टाके कधी हलले नाहीत. बाईंनी एकदा माझी सुई वर्गभर फिरवली होती, आणि त्या दिवशी मी घरी जाताना धावत गेले होते. शाळेनं मला जे दिलं ते मी तसंच्या तसं धरून ठेवलं. घरात आधी कुणी शिकलेलं नसलं की असं होतं. शिकवलेल्यातलं कुठं काय बदललं तरी चालतं, हे सांगायला कुणी नसतं.

काकू म्हणाल्या, "आता अंगठ्याचे टाके शिक. काठ रबरासारखा होतो."

त्यांनी दाखवलं. लोकरीचं एक टोक लांब सोडायचं. त्या जागी गाठीचा पहिला टाका, तो उजव्या हातातल्या सुईवर. मग डाव्या हाताच्या अंगठ्यावरून सोडलेलं टोक आणि तर्जनीवरून गुंड्याकडचा धागा. सुई अंगठ्याच्या फाशातून खालून घालायची, तर्जनीवरचा धागा उचलायचा, फाशातून बाहेर काढायचा आणि अंगठा सोडून द्यायचा. टाका सुईवर. काकूंची बोटं हे इतक्या सहज करीत की मासे गळाला लागावेत तसे टाके चढत जात. शिवाय एका सुईऐवजी दोन सुया जोडीनं धरून टाके घालायचे आणि पहिली ओळ विणण्याआधी एक सुई ओढून काढायची, म्हणजे प्रत्येक टाक्याला श्वास घ्यायला जागा राहते.

बोटांची ती हालचाल मला दोन संध्याकाळांत जमली. अडलं भलत्याच ठिकाणी. टोक किती लांब सोडायचं याचा अंदाज काठाच्या रुंदीच्या तिप्पट, त्यावर वीतभर जास्त, असा काकूंनी सांगितला. मी मोजून धरायची. पण पहिला टाका घालताना माझी चिमूट आपोआप टोकाकडं सरकायची. शेवटच्या चार-पाच टाक्यांना धागा संपायचा. सगळे उतरवायचे, पुन्हा सोडायचं, पुन्हा संपायचं.

"अगं, शेपूट सोड, शेपूट," काकू म्हणायच्या. "तुमच्या वाडीत शेपटावर सरकारी पट्टी बसते का?"

आमच्या घरी आई सुईत दोरा ओवायची तो त्या फाटक्यापुरताच. भाकरीचं पीठ परातीला चिकटलेलं सुद्धा शेवटच्या गोळ्यानं टिपून घ्यायची. तिच्या हाताखाली वाढलेल्या माझ्या हाताला इतकी लोकर नुसती लोंबत सोडणं जमेना. डोकं तिप्पट म्हणायचं आणि बोटं दुप्पटीवर थांबायची.

एका संध्याकाळी गार्डकाका ड्यूटीवर निघाले होते. हातात कंदील, पाठीमागं पेटी उचलणारा माणूस. माझे टाके पुन्हा अपुरे पडलेले बघून ते उभ्या उभ्या म्हणाले, "मास्तरीणबाई, शेवटचा डबा जोडल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. तुम्ही फारच घाई करता."

"तुम्ही जा हो, तुमची गाडी सुटेल," काकू म्हणाल्या.

"गार्डावाचून कुठं जाते ती?" म्हणत ते पायऱ्या उतरून गेले.

मग काकू माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. त्यांनी लोकर मोजली, जिथं पहिला टाका पडायला हवा ती जागा स्वतःच्या चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "मी सोडणार नाही. तू इथंच गाठ मार."

"काकू, फार होतंय."

"होऊ दे."

"उरलं तर?"

"उरलं तर त्याच टोकानं बाजूची शिवण घालायची. नवा धागा जोडायला नको, गाठ नको. वाया काय जातंय?"

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझ्या किती खेपा वाचल्या असत्या. मी गाठ मारली. टाके चढत गेले. शेवटचा टाका पडला तरी अंगठ्याखाली चांगली हातभर लोकर लोंबत होती. ती बघताना मला एखादं मोठं घर पहिल्यांदा आतून पाहावं तसं वाटलं. काकूंनी एक सुई ओढून काढली, मी पहिली ओळ विणली आणि मग दोन बोटांनी काठ ताणून पाहिला. तो पसरला आणि सोडल्यावर हळूच जागेवर आला. मी तो पुन्हा ताणला. काकू म्हणाल्या, "पुरे आता, नाहीतर विणायच्या आधीच सैल होईल."

संक्रांतीला मी नवा जोड घेऊन घरी गेले. आईला काही सांगितलं नाही. तिळगुळाबरोबर पुढं ठेवला. तिनं बघितलं, "आनि केलंस व्हय?" म्हणाली, आणि माझं मन राखायला घातले. मग चुलीवर काहीतरी उतू जाऊ लागलं म्हणून ती उठली, तिथून गोठ्यात गेली, म्हशीला पेंड घालून आली, जात्याशी बसली. काढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. रात्री पाय लांब करून बसली तेव्हा मी तिचा मोजा खाली सरकवला. पोटरीवर विणीचा अगदी पुसट ठसा होता, हातानं चोळला तर जाईल असा.

"काय बघती?" आईनं विचारलं.

"काचलं का ते बघते."

"न्हाई." तिनं स्वतःच काठाखाली बोट घालून बघितलं. "ह्यो तर वडतोय की. आदीचं कशाचं केलंवतंस?"

"त्याच लोकरीचं. टाके निराळे घातले."

"कुनी शिकिवलं?"

"शेजारच्या काकूंनी."

आईनं मोजा परत वर ओढून घेतला. मग म्हणाली, "त्यास्नी तांदूळ ने ह्या खेपंला. आंबेमोहर हाय."

आबा अंथरुणातून म्हणाले, "म्हंजी आता दह्याला थंडी."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला तळेगावला लोणावळ्याची शटल गाडी धरायची होती. आई सडकेपर्यंत आलीच. तिच्या पायांत मोजे होते आणि त्यांवर बाजाराच्या चपला. मी बांधावर चढताना पुढं झाले. तिला ते आवडलं नाही, पण मी थांबले नाही. माझं लुगडं मात्र गुडघ्यापर्यंत भिजलं.

सडकेला लागलो तेव्हा चुलती डोक्यावर भारा घेऊन समोरून येत होती. तिनं खाली बघितलं.

"जाऊबाय, मोजं घालून कुटं? पुन्याला?"

"लेकीला घालवाया."

"पर जोडवी तर भाईर दिसत्यात."

"मग? झाकून ठिवाया काय झालं? तिनंच तसं केलंय." आईनं पाय जरा पुढं केला. "वडून बघ."

"मला काय करायचंय वडून?"

"वडून तर बघ."

चुलतीनं भारा सावरत, एका हातानं वाकून, पोटरीजवळचा काठ ओढला आणि सोडला. मग आणखी एकदा ओढला. उभी राहून माझ्याकडं न बघता आईला म्हणाली, "माझं पाय तुझ्यापरीस बारीक हायती. लोकर कमीच लागंल."

आई माझ्याकडं बघून हसली आणि माघारी वळली. मी बराच वेळ तिचे पाय बघत उभी होते.

शटलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवीत थोडी लोकर उरलेली होती, सुया होत्याच. कान्हे स्टेशन मागं पडल्यावर मी चुलतीच्या मोज्यासाठी टोक सोडलं. समोर चिमूट धरायला काकू नव्हत्या. बोटं थोडी सरकली, मी ती परत मागं नेली आणि गाठ मारली. कामशेत यायच्या आत टाके पुरे झाले आणि मांडीवर शिवणीपुरती लोकर उरली.

जुन्या जोडातला एक मोजा अजून लोणावळ्यात माझ्याकडंच होता. आबांनी दह्याची आठवण करून दिली, म्हणून पुढच्या खेपेला तो परत नेला.